काळा कोट आणि शेवटचा होल

मेहुणा : कच खाल्ली, भावोजी! सरळ कच खाल्ली लंबूने. सकाळी पाच फटक्यांनी पुढे होता हा गोल्फवाला. आता टीव्हीत बघा, शेवटच्या होलला एकाने पुढे आहे, आणि चेंडू वाळूत.

मास्तर : वारा होता.

मेहुणा : कसला वारा? तो झेंडा बघा, मेल्यासारखा लटकलाय.

मास्तर : झेंड्याला लागला नसेल. त्याला लागला असेल.

ताई : वारा कुठे आहे ते मी सांगते. या दुकानात आहे. सकाळपासून टेबलावर ते काळं कापड पसरलंय आणि तुझे भावोजी त्याच्याभोवती गरगर फिरतायत.

मास्तर : खुणा करतोय मी.

ताई : तिसऱ्यांदा. ब्रशने पुसायच्या आणि परत तिथेच मारायच्या. मधल्या वेळात दोन गिऱ्हाइकांच्या विजारी कापून झाल्या, समोरच्या हॉटेलचे पडदे झाले. आपल्या पोरीच्या कोटाला अजून कात्री लागलेली नाही.

मेहुणा : काय सांगतेस! अगं, सोमवारी तिला पहिल्यांदा कोर्टात उभं राहायचंय!

ताई : मला काय सांगतोस, त्यांना सांग. आज सहाला ती वकिलांच्या ऑफिसातून थेट इकडेच येणार, कोटाच्या ट्रायलला. सकाळी निघताना म्हणाली, "आई, बाबांना जमत नसेल तर राहू दे. कोपऱ्यावरच्या दुकानातून तयार कोट उचलते."

मास्तर : जमत नसेल? असं म्हणाली?

ताई : असंच म्हणाली.

मास्तर : अर्ध्या कोर्टाच्या अंगावर माझे कोट आहेत, आणि माझी मुलगी हँगरवरचा घालणार?

ताई : मग कापा ना!

मास्तर : कापतो. याचा हा वाळूतला फटका होऊ दे.

मेहुणा : हं, हं, गप्प बसा जरा… मारला! आई गं, काय काढलाय! भोकापासून दोन हातांवर! भावोजी, आता हा एवढासा टोला घातला की कप लंबूचा. चुकला तर बरोबरी, आणि मग तो टोपीवाला याला सोडत नाही. तो बघा टोपीवाला, आपला खेळ संपवून केळं खातोय निवांत.

मास्तर : घालेल.

मेहुणा : नाही घालणार. त्याची तंतरलीये. मी सांगतो ना, बारा वर्षं गोल्फच्या मैदानावर काम करतोय. भल्याभल्यांचे हात लटपटताना पाहिलेत.

ताई : तू तिथे गवत कापायचं मशीन चालवतोस.

मेहुणा : मशीनवर बसूनच जास्त दिसतं, ताई. खेळणाऱ्याला नुसता चेंडू दिसतो, मला त्याचे गुडघे दिसतात. दोन हातांवरून तर मी डोळे मिटून घालीन.

ताई : तू? रजिस्ट्रारसमोर लग्नाची सही करताना स्वतःच्या नावाऐवजी बायकोचं नाव लिहिलंस तू. त्या साहेबांनी विचारलं, यातला नवरा कोण?

मेहुणा : पेन खराब होतं.

ताई : पेन खराब असलं की नाव बदलतं होय?

मेहुणा : ते वेगळं गं! हा व्यावसायिक खेळाडू आहे. असे हजारो टोले घातलेत त्याने. मग आज हातपाय का गळावेत? याचं कारण एकच. मघाशी मान वर करून त्याने फळ्यावरचे आकडे बघितले. तिथेच मेला.

मास्तर : तसं नाही ते.

मेहुणा : मग कसं?

मास्तर : शिकाऊ होतो तेव्हा मी धडाधड कापायचो. काय काय बिघडू शकतं तेच ठाऊक नव्हतं. आता खडू टेकवला की डोळ्यांपुढे सगळं येतं. खांदा पडलाय, पाठीला घडी पडलीये, गळा मागे ओढला जातोय. त्या लंबूला आत्ता दोन हातांचं अंतर दिसत नसेल रे. सगळं आयुष्य दिसत असेल.

मेहुणा : एवढं काय त्यात? माझ्याकडून गवत कधी जास्त कापलं जातंच की.

मास्तर : गवत आठवड्यात परत उगवतं. कापड उगवतं का?

मेहुणा : आणायचं अजून.

मास्तर : कुठून? तूच आणलंस ना भाचीसाठी? तूच म्हणालास, तागा संपला, एवढाच तुकडा राहिला होता. चुकलं की संपलं.

ताई : अहो, पण तुम्ही चुकताय कशाला? कधी चुकलात?

मास्तर : त्यांचे कोट होते ते, हिचा आहे हा. सोमवारी ही उभी राहील आणि समोर सगळे माझ्याच हातचे कोट घालून बसलेले असतील. खांद्यात जरा उणं दिसलं की म्हणतील, शिंप्याची पोर आणि कोट बघा. मला म्हणू देत काहीही. तिला ते ऐकू आलं तर? मला भीती वाटतेय गं. झालं समाधान?



मेहुणा : हा परत मागे हटला बघा! चेंडूजवळ जातो, वाकतो, परत मागे येतो. काठ्यांच्या पिशवीवाल्याशी काय बोलतोय एवढं? चेंडू इथे, भोक तिथे. त्यात बोलण्यासारखं काय आहे?

ताई : काय करतोय तो? हवेतच काठी फिरवतोय.

मेहुणा : सराव करतोय. खरा टोला मारायच्या आधी सगळेच दोनदा खोटाखोटा मारून घेतात. हात मोकळा होतो.

ताई : हं. अहो, ऐकलंत का? तुम्हीही तसंच करा. गेल्या वर्षी त्या जाड्या वकिलांच्या कोटातून उरलेला काळा तुकडा आहे ना, त्याच्यावर आधी कापून बघा. बिघडला तर बिघडला, त्याची पायपुसणी करू.

मास्तर : त्याच्यावर खुणा नाहीत.

ताई : मी करते. कागदी माप आहेच. हे चांगलं कापड पिशवीत घालून ठेवते, म्हणजे उगाच डोळ्यांसमोर नको. तुम्ही दोघं तिकडे बघा टीव्हीत. माझ्याकडे बघितलंत तर माझी रेघ वाकडी जाते.

मेहुणा : बघा, याला म्हणतात दबाव! ताईसुद्धा!

ताई : गप रे. तुझ्या घरी रिमोट तुझ्या बायकोच्या हातात, म्हणून इथे येतोस ना? मग मुकाट्याने बघ… झालं. या. घ्या कात्री.

मेहुणा : लंबू वाकला. भावोजी, आता मारणार बघा.

मास्तर : मारू दे.

मेहुणा : कोपर आखडलंय त्याचं. लिहून देतो, उजवीकडे जाणार.

मास्तर : कोपराला काय होतंय? श्वास सोडला की कोपर आपोआप सैल पडतं. हे असं. कात्री उचलायचीच नाही, टेबलावरून चालू द्यायची. वळणावर कापड फिरवायचं नाही, आपण फिरायचं.

(कात्रीचा आवाज. बराच वेळ.)

मेहुणा : भावोजी, काय चालतोय हो हात तुमचा! लोण्यातून चालल्यासारखी चाललीये कात्री.

मास्तर : पाठ झाली. आता पुढचे दोन्ही भाग.

मेहुणा : बघता बघता झालं की! तुकड्यावर एवढं सुरेख, मग खऱ्यावर तर काय होईल! थांबा, मी देतो खरं कापड काढून. ही पिशवी ना? … ताई.

ताई : काय?

मेहुणा : पिशवीत हा तुकडाच आहे. जाड्या वकिलाचा.

ताई : असू दे.

मेहुणा : असू दे काय! हा इथे आहे तर मग टेबलावर काय कापलं? ताई! अगं, काय केलंस तू हे? तागा संपलाय!

ताई : ओरडू नकोस. अहो, रागावू नका. मला दुसरं काही सुचेना. सहा वाजता पोर दारात आली असती, आणि तुम्ही चौथ्यांदा खडू उगाळत बसला असतात.

मास्तर : रागवायचं काय त्यात? मला माहीत होतं.

ताई : काय माहीत होतं?

मास्तर : अगं, इतकी वर्षं कापड चाचपतोय. टेबलावर हात ठेवला आणि कळलं.

ताई : मग थांबला का नाहीत?

मास्तर : थांबणारच होतो. कात्री ठेवून तुझ्याकडे बघितलं, तर तू टीव्हीकडे तोंड करून उभी. आजवर कधी गोल्फकडे ढुंकून बघितलं नाहीस, आणि आज पापणी न हलवता बघत होतीस. म्हटलं, हिला येत नसलेलं खोटं ही माझ्यासाठी बोलतेय, म्हणजे माझ्या हाताची हिला खात्री असणार. मला नव्हती. तुझी घेतली आणि कापलं.

ताई : आणि मला वाटलं, मीच तुम्हाला फसवलं.

मेहुणा : अरे! लंबू! लंबूचं काय झालं? तिकडे एवढा आरडाओरडा झाला असेल आणि मी कात्री बघत बसलो! अख्खा आठवडा या एका टोल्यासाठी थांबलो होतो मी!

मास्तर : गेला का आत?

मेहुणा : कुणास ठाऊक! लंबू तोंडावर हात धरून रडतोय.

ताई : म्हणजे हरला.

मेहुणा : तो टोपीवालाही रडतोय.

मास्तर : रडू दे दोघांना. आवाज कमी कर, आणि तो खडू दे इकडे. बाह्या राहिल्यात.