कादंबरीतला फितूर

— ठेवा हो पुस्तक तिथं मशीनवर, काही होत नाही त्याला, आणि हात जरा बाजूला घ्या, कोट बगलेत घट्ट झाला तर मलाच बोल लावाल. वाचलंय मी ते, दोनदा. वहिनीनं आणून दिलं. तुम्ही कुठवर आलात? पुलापर्यंत? मग शेवट सांगत नाही — म्हणजे थोडासाच सांगते. चांगलं लिहिलंय, खोटं कशाला बोलू? ती पुढाऱ्याची गाडी, मागं लागलेले मारेकरी, तो वार्ताहर नदीत उडी घेतो — माझी भाजी करपली त्या पानापायी. पण फितूर काही पटला नाही बाई मला. गालावर व्रण काय, परदेशात बंगला मिळणार म्हणून गाडीचा रस्ता सांगतो काय. असं कोण सांगतं? ताठ उभ्या राहा हं, खांदा पडतोय.

माझा दादा ड्रायव्हर होता ना, अशाच एका पुढाऱ्याकडे. विरोधातला माणूस, आज इथं तर उद्या तिथं. नऊ वर्षं दादानं गाडी चालवली. या पुस्तकात ड्रायव्हर किती ओळींत मरतो, पाहिलंत? एका. 'चालक जागीच ठार झाला.' मी तिथंच पुस्तक मिटलं, तर वहिनी म्हणते, "पुढं वाच, शेवटी फितूर सापडतो. आपल्याकडे कुणी सापडलंच नाही गं." त्या एका पानासाठी ती बिचारी अख्खं पुस्तक परत परत वाचते.

सापडलं नाही म्हणजे — धरलं होतं एकाला. धरणाच्या जुन्या रस्त्यानं जायचं, हे तिघांनाच ठाऊक होतं असं सगळे म्हणायचे: पुढारी, दादा आणि कार्यालयातले ते चष्मेवाले कारकून. पहिले दोघे त्याच रस्त्यावर मारले गेले, मग उरलं कोण? पाच महिने आत ठेवलं त्यांना. सुटून आले तेव्हा बोटांना शर्टाचं बटणसुद्धा लावता येईना. कसं माहीत? माझ्याकडेच यायचे ना, बटणं काढून नुसते दाबले की बसणारे चाप लावून घ्यायला. मी लावून दिले. मान वर केली नाही.

ठाऊक असलेले तिघं नव्हते हो. चार. दादा आदल्या सोमवारी इथं आला होता, पँट टाकायला. म्हणाला, "गुरुवारच्या आत दे, आणि कंबर सैल ठेव. धरणावरून जायचंय, सहा तास बसून पोटाला वळ पडतात." मी ती शिवत बसले होते आणि एक बाई आल्या, कोटाचं अस्तर बदलायला. तुमच्याच वयाच्या, मऊ बोलणं. माझ्या टीपेचं कौतुक केलं — आणि आपलं कोण कौतुक करतंय? कुणाची पँट, म्हणाल्या. दादाची, म्हटलं. एवढी सैल का? मग काय, माझं तोंड सुटलं. गुरुवार, धरण, सहा तास — हसत सांगितलं मी. त्यांनी खोदून विचारलंसुद्धा नाही. आणि कोट न्यायला त्या आल्याच नाहीत. दोन आठवडे मी वाट बघितली. आल्या असत्या, तर म्हटलं असतं, योगायोग असेल.

कोट? कोट इथंच लटकत होता. थंडी पडली तशी वहिनी म्हणाली, "कुणी नेत नसेल तर मी घालू का?" काय सांगणार होते मी? नको म्हटलं तर का नको, ते सांगावं लागलं असतं. खांद्यात अगदी बेतानं बसला तिला. चौथा हिवाळा आहे हा. तो घालूनच ती माझ्याकडे येते, या स्टुलावर बसते आणि विचारते, "कुणी सांगितलं असेल गं?" मी मशीन चालू करते. कापड नसलं तरी चालू करते.

हे मी — हे कुणाला सांगितलेलं नाही मी. माप घेताना माणूस गप्प उभं असतं, म्हणून बोलत सुटते. जुनी खोड. जाऊ द्या. मनगट दाखवा.

काय म्हणालात? वहिनी कुठं राहते? — का? — नाही, सहजच विचारलंत, कळलं मला, तुमचं काही चुकलं नाही. माप राहू द्या. पुस्तक घ्या ते. कोट दुसरीकडे शिवून घ्या, मला या महिन्यात जमायचं नाही. दार ओढून घ्या जाताना.