ठकूमावशीचं तोंड

मंडळी, सावरून बसा. टाळकऱ्यांनी टाळ जरा मांडीवर ठेवा. पेटीवाल्या दादांनी सूर धरलाय, तो तसाच मंद राहू द्या. देवाचं नाव घेऊन झालं, आता देवाच्या लेकरांकडे वळू.

आज एक प्रश्न घेऊन उभी आहे. उत्तराची घाई करू नका. एक माणूस वाईट शब्द बोलला. दुसऱ्याच्या काळजाला लागला. आता शिक्षा करायची, तर ती कशाची? तोंडातून आलं त्याची — की मनात होतं त्याची?

इकडे बायका म्हणताहेत, मनाचं बघावं. बरं! मग परवा शेजारीण तुम्हाला काहीबाही बोलली आणि वर म्हणाली, ‘अगं, माझ्या मनात तसं नव्हतं’ — तेव्हा पटलं का हो? नाही पटलं! तिची वाटी अजून तुमच्या फडताळात आहे. हसू नका, मी नाव घेतलेलं नाही.

आणि इकडे पुरुषमंडळी मान हलवताहेत — शब्द म्हणजे शब्द, मनबिन काही नाही. असं? मग घरची माउली गरम भाकरी ताटात टाकते आणि म्हणते, ‘गिळा एकदाचं.’ काय करणार? चावडीवर नेणार तिला? न्या खुशाल — तोवर भाकरी निवेल!

म्हणजे प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. कुसरवाडीच्या पाटलालाही तो सोपा वाटला होता. त्याचीच गोष्ट ऐका.

कुसरवाडीत ठकूमावशी नावाची एक म्हातारी होती. काम काय? बाळंतिणीला शेक द्यायचा, बाळांना न्हाऊ घालायचं. न्हाणीत पाटावर बसायची, पाय लांब करायची, बाळाला नडगीवर पालथं घ्यायची, आणि असे हात फिरवायची की रडणारं पोर मध्येच विसरायचं आपण का रडत होतो ते. हात लोण्याचे. तोंड मात्र — अरे देवा! तोंड म्हणजे निवडुंग.

‘आलं का ध्यान. थोबाड बघा, उपड्या मडक्यासारखं. कुणाच्या उकिरड्यावरून उचलून आणलंत हो?’ हे तिचं स्वागत. ‘गोड’, ‘सुंदर’ हे शब्द तिनं जन्मात कुठल्या बाळासाठी उच्चारले नाहीत. दृष्ट लागते! गावातल्या प्रत्येकाला तिच्या नडगीवर एकेक बिरुद मिळालेलं. देवळातला गुरव म्हणजे घुबड. शिंपी म्हणजे बेडूक. आणि गावचे गणोजी पाटील — भरदार देह, मिशीवर लिंबू ठरेल असा रुबाब — त्यांना लहानपणी मिळालेलं नाव होतं रेडकू. म्हशीचं पिल्लू हो! पाटील चावडीवर बसले की मागच्या भिंतीआडून एखादं कार्टं हळूच म्हणायचं, ‘रेडकू.’ पाटलांचे कान लाल. जन्मभर त्यांना त्या शब्दाचा राग. आणि म्हातारीचाही थोडा. पण सांगणार कुणाला?

तर या पाटलांनी गावात एक कायदा केला होता. का केला? ऐका, त्यांचंही खोटं नव्हतं. बाजारात दोघं भांडले, एकमेकांच्या सात पिढ्यांची धुणी धुतली, आणि चावडीवर आल्यावर दोघंही गरीब गाय. ‘मनात तसं नव्हतं, पाटील.’ जो तो यायचा, शिवी देऊन यायचा, आणि मन धुतल्या तांदळासारखं! पाटील कंटाळले. त्यांनी दवंडी पिटवली — मनात काय होतं हे यापुढे विचारणार नाही. वाईट शब्द बाहेर पडला की शिक्षा. दिवस मावळेतोवर चावडीवर तोंड मिटून बसायचं. अपराध मोठा असेल तर पाटील ठरवतील ते.

गाव खूश झालं. फार काळ नाही हो! कारण दुसऱ्याच आठवड्यात नांगर चिखलात रुतला, बैल हलेना, आणि खुद्द पाटलांच्या तोंडून बैलाला उद्देशून जे निघालं, ते पाटलीणबाईंनी बांधावरून ऐकलं. त्यांनी काही म्हटलं नाही. नुसतं चावडीकडे बोट दाखवलं. त्या दिवशी पाटील मावळतीपर्यंत मुके बसले होते, आणि पाटलीणबाई म्हणे इतक्या शांतपणे कधी जेवल्या नव्हत्या.

असो. आता पाटलांच्या घरात शिरू. त्यांची सून मैना, नदीपलीकडच्या मुलखातली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं, आणि ते बाळ बारशाआधीच गेलं. पाळणा बांधलेला, आणि बाळ नाही — मंडळी, यावर मी जास्त बोलत नाही. ज्यांना कळतं त्यांना कळतं. दुसऱ्या खेपेला ती सासरीच राहिली. मुलगा झाला. ती रात्रंदिवस त्याच्या छातीवर हात ठेवून बसायची. हलतेय ना छाती? हलतेय. पुन्हा बघायची.

आणि अशा घरात ठकूमावशी न्हाऊ घालायला आली. बाळाला नडगीवर घेतलं, तेल जिरवलं, पाणी घातलं, त्यानं टाचा झाडल्या, आणि मावशी म्हणाली, ‘लाथा कुणाला मारतोस रे, मुडद्या?’

मुडद्या.

आपल्याकडे आज्या-मावश्या येता-जाता म्हणतात, त्यासाठी कुणी चावडी गाठत नाही. पण त्या आईच्या कानात तो शब्द कसा गेला असेल? मैनेनं ओल्या बाळाला हिसकावून घेतलं, पदरात गुंडाळलं, आणि भिंतीला टेकून जी रडू लागली ती थांबेना. मावशीचे हात तसेच पुढे राहिले. तेलानं माखलेले, रिकामे.

चावडी भरली. पाटलांनी विचारलं, मावशी, तो शब्द तू म्हटलास का? म्हातारी म्हणाली, म्हटला. झालं! मनात काय होतं ते विचारायचंच नव्हतं. शिक्षा ठरली — आजपासून गावातल्या कुठल्याही बाळाला ठकूनं हात लावायचा नाही, समोरही यायचं नाही.

तुम्हाला वाटेल, म्हातारी भांडली असेल. एवढं तोंड आहे! एक अक्षर बोलली नाही. पदरानं हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले, आणि निघाली. उभा जन्म ज्या हातांनी दुसरं काही केलं नाही, ते हात घेऊन घरी जाऊन करायचं काय, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मग न्हाऊ घालायला आली गोदाक्का. हिचं तोंड म्हणजे साखरेची वडी. वाईट शब्द? छे! न्हाणीत शिरल्या शिरल्या म्हणाली, ‘अगं बाई, किती देखणा. थोरलाही असाच नाजूक होता म्हणे, नाही? या वेळी तरी टिकू दे हो देवा.’

आई गं! मैनेचा चेहरा उतरला, डोळे भरले. गोदाक्कानं ते पाहिलं बरं का, नीट पाहिलं — आणि पाणी घालता घालता पुन्हा म्हणाली, ‘टिकू दे बाई, टिकू दे.’ रोज सकाळी तेच. गोड, देखणं, आणि खाली सुई.

मैनेनं सासूकडून सासऱ्यांच्या कानावर घातलं. पाटील म्हणाले, शब्द सांगा. कोणता शब्द वाईट? देखणा वाईट? नाजूक वाईट? टिकू दे वाईट? आता काय सांगणार! पाटलांनी मिशीवरून हात फिरवला, कायदा उलटा केला, सुलटा केला — गोदाक्का कुठेच अडकेना. शब्द सगळे आशीर्वादाचे! पाटलांना पहिल्यांदा वाटलं, आपल्या जाळ्याची भोकं भलत्याच आकाराची झालीत.

एका सकाळी न्हाणीतून बाळाचं रडणं येत होतं. मैना मागच्या दारी आली तर कुंपणापलीकडे ठकूमावशी. रोज यायची म्हणे, आणि कुंपणाबाहेरच थांबायची. डोळे मिटलेले, आणि दोन्ही हात हवेत हलताहेत — असं पालथं धरलं, असं तेल जिरवलं, असं मानेखालून पाणी सोडलं. पलीकडे बाळ रडतंय, आणि इकडे म्हातारी हवेला न्हाऊ घालतेय.

मैना आत गेली. गोदाक्काच्या मांडीवरून बाळ उचललं, पंच्यात गुंडाळलं, आणि कुंपणाशी आली. मावशीनं घाईनं तोंड फिरवलं. मनाई होती ना! मैना म्हणाली, ‘मावशी, एकच विचारते. दुसरा कुठलाही शब्द चालला असता. तोच का?’

मावशी तोंड तसंच पलीकडे ठेवून हळू आवाजात बोलली, ‘मोठ्यानं सांगता येत नाही, पोरी. तुझं पहिलं गेलं ते ठाऊक होतं मला. नेणाऱ्याला तुझी वाट माहीत झालीय. पुन्हा आला, तर ऐकू जावं म्हणून म्हटलं. मुडदाच म्हणताहेत म्हणजे इथलं काम झालेलं दिसतंय, असं वाटून पुढे गेला असता.’

तो म्हणजे कोण, ते मैनेला कळलं. तुम्हालाही कळलं. चावडीवर म्हातारी का बोलली नाही, तेही कळलं ना? लेकरावर माया आहे असं चारचौघांत सांगितलं, की लपवलेलं उघडं पडलं!

एखादी म्हणाली असती, झालं तर मग, मनात माया होती, विषय संपला. मैना तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, ‘पण मावशी, मी पहिल्याला शेवटचं हातावर घेतलं, तेव्हा तो तसाच होता. तो शब्द मला ऐकवत नाही.’

आता म्हातारी वळली. मनाई विसरून वळली. ‘खरंय गं,’ ती म्हणाली. ‘यमाच्या कानाचा विचार केला मी. तुझ्या कानाचा राहूनच गेला.’

आणि कुंपणाखालून हात घालून तिनं मैनेच्या पायाला हात लावला. म्हातारीनं! नातीच्या वयाच्या पोरीच्या!

मंडळी, पुन्हा चावडी भरली. या वेळी मैना दाराआडून स्वतः बोलली. ‘मामंजी, मावशीला शिक्षा द्या. मला लागलंय, ते खोटं नाही. पण विचारून द्या.’

पाटलांना स्वतःचाच कायदा मोडायचा होता, त्यामुळे ते दोनदा खाकरले. मग म्हणाले, ‘ठकूमावशी, मनात काय होतं?’ म्हातारी गप्प. मोठ्यानं बोलायचं नाही ना! शेवटी गावचे पाटील गादीवरून उठले, तिच्यापुढे वाकले, आणि लहान मुलासारखा कान पुढे केला. म्हातारी कानात बोलली. बराच वेळ बोलली. गाव बघतंय — पाटलांच्या मिशा थरथरताहेत.

काय सांगितलं तिनं? बाळाचं सांगितलं. आणि मग म्हणाली, ‘तुझ्याआधीही तुझ्या आईचं एक गेलं होतं रे. तुला कुणी सांगितलं नाही. यम रेड्यावरून येतो. म्हणून तुला मी रेडकू म्हणत राहिले. त्याला वाटावं, हे आपल्या घरचंच पिल्लू, याला काय न्यायचं.’

ज्या शब्दानं जन्मभर कान लाल झाले, तो शब्द म्हणजे पांघरूण होतं! पाटील गादीवर जाऊन बसले, आणि उपरण्यानं डोळे पुसून म्हणाले, धूर फार झालाय. चावडीत चूल नव्हती. पण पाटील म्हणाले म्हणजे असेल धूर!

मग गोदाक्काला पुढे बोलावलं. मनात काय होतं? ती म्हणाली, माझ्या मनात काही नव्हतं हो. लोक हसले. आणि इथेच खरी अडचण, बरं का. मन काय कुणी उघडून दाखवतं? पाटलांनी मैनेलाच विचारलं, तू कशी ओळखलीस यांची मनं? मैना म्हणाली, ‘दोघींनीही मला रडताना पाहिलं. मला लागलं हे कळल्यावर मावशीचे शब्द थांबले. आक्कांनी तेच पुन्हा म्हटलं.’

पाटलांनी निवाडा दिला. ठकूमावशीनं बाळाला रोज न्हाऊ घालायचं, शिव्याही द्यायच्या, पण कोणती द्यायची, ते बाळाच्या आईला विचारून. हीच तिची शिक्षा. आणि गोदाक्कानं रोज न्हाणीचं पाणी तापवायचं — तोंड मिटून.

दुसऱ्या सकाळी न्हाणी तयार. मावशीनं पाय लांब केले, बाळाला नडगीवर घेतलं, आणि थांबली. मैनेकडे बघत राहिली. कुठला शब्द चालेल या आईला? चुलीपाशी गोदाक्काही कान देऊन. मैना वाकली, बाळाकडे पाहिलं. आणि ती म्हणाली, ‘काय गं मावशी, हे भाजलेलं वांगं कुठून आणलंस?’

‘कुठलं बाई,’ मावशी म्हणाली, ‘बाजारात कुणी घेईना, म्हणून फुकट दिलं.’ आणि वांग्यानं सरळ मावशीच्या लुगड्यावर धार सोडली! मैना हसली. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसली. बाहेर ओसरीवर पाटील बसले होते. ते आतल्या दिशेनं म्हणाले, ‘मावशी, त्या वांग्याचं आटोपलं की रेडकूलाही चहा पाठव.’

इथे आख्यान संपलं. पण तुम्ही सुटला नाहीत! आता घरी जाल. वाटेत नाहीतर उंबऱ्यात कुणीतरी काहीतरी बोलेल. लागेल. तेव्हा शिक्षा द्यायच्या आधी एकदा कान पुढे करा. जड जातं, पाटलालाही जड गेलं. आणि बोलणारे तुम्ही असाल, तर ‘मनात नव्हतं’ म्हणून मोकळे होऊ नका. समोरच्या चेहऱ्याकडे बघा. तो उतरला असेल, तर तुमचं मन कसं आहे ते आता पुढच्या शब्दावरून ठरणार आहे. देव तर त्याच शब्दाकडे कान लावून बसलाय.

आणि हो, ती वाटी. फडताळातली. उद्या परत करा, रिकामी नको.

उचला टाळ. ज्याच्या कानाला आपली शिवीही कळते आणि तिच्याआडची मायाही कळते, त्याचं नाव एकदा सगळे मिळून मोठ्यानं घेऊ या.