आराम करा, असं म्हणालं कोण?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेले पाहुणे, संस्थेचे सर्व पदाधिकारी, मैदानावरच्या माझ्या मुलामुलींनो, त्यांच्या आईवडिलांनो, आणि पहिल्या रांगेत ताठ बसलेले आजचे सत्कारमूर्ती, म्हणजे आमचे हे, सर्वांना माझा नमस्कार.

सत्कारमूर्तींच्या पत्नीनं दोन शब्द बोलावेत, असं सेक्रेटरीसाहेबांनी सुचवलं. 'गोड बोला हं, वहिनी,' असंही बजावलं. साहेब, प्रयत्न करते. पण महिनाभर डोक्यात नुसता वैताग साठलाय, तो कुठे ना कुठे सांडणारच.

आधीच्या वक्त्यांनी ह्यांच्या फौजेतल्या नोकरीबद्दल फार सुंदर सांगितलं. बर्फ, सीमा, पदकं, सगळं आलं. निवृत्तीनंतरचं वर्ष मात्र कुणी सांगितलं नाही, कारण ते फक्त मी पाहिलंय. रोज पहाटे उठायचे, बूट घालायचे आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसायचे. जायचं कुठेच नाही! काय झालं विचारलं तर 'काही नाही'. जेवायला हाक मारली की उठायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. घरात माणूस आहे आणि नाही, असं ते वर्ष गेलं. फार भीती वाटायची मला.

मग एकदा बसथांब्यामागे शिट्ट्या मारत बसलेल्या टवाळ पोरांवर हे खेकसले, 'रांगेत उभे राहा!' आणि काय नवल, पोरं उभी राहिली की! त्यांनाही सांगणारं कुणी नसावं. आपलं हे भरतीच्या तयारीचं केंद्र सुरू झालं ते असं. आता, जगात सगळीकडे जो जोरात पळतो तो पुढे. उस्तादांच्या मैदानावर (मुलं ह्यांना उस्ताद म्हणतात) सगळ्यात हळू पळणारा पुढे, आणि त्याला मागे टाकून कुणी जायचं नाही. लोक हसायचे. 'अशानं कोण भरती होणार?' झाले की नाही? कुणी फौजेत गेलं, कुणी अग्निशमन दलात, कुणी रुग्णवाहिका चालवतंय. आणि जी कुठेच लागली नाहीत, तीसुद्धा बसथांब्यामागे परत गेली नाहीत.

मग आज हा निरोप कशापायी? सांगते. गेल्या महिन्यातल्या वार्षिक सभेनंतर, अध्यक्षसाहेब, तुम्ही चहाचा कप हातात घेऊन म्हणालात, 'उस्ताद, फार केलंत, आता जरा आराम करा.' तुमच्या-माझ्या भाषेत ह्याचा अर्थ काय? काहीही नाही! 'या हो कधीतरी घरी' म्हणतो ना आपण, त्यातलाच प्रकार. समोरचा काय लगेच पिशवी भरून राहायला येतो? पण हा माणूस फौजेतला. वरच्यानं म्हटलं, म्हणजे हुकूम झाला. दुसऱ्या दिवशी उजाडताच ह्यांनी शिट्ट्या, दोर, घड्याळ, सगळं संस्थेच्या शिपायाच्या ताब्यात दिलं, सलाम ठोकला आणि घरी आले.

आता अध्यक्षांना वाटलं, उस्तादांनाच थांबायचं असेल, विचारायचं कसं? भिडेपोटी गप्प. सेक्रेटरींना वाटलं, मग निदान निरोप तरी थाटात देऊ. हॉल ठरला, मानपत्र छापून आलं. आणि ही मुलं? त्यांनी तरी भांडावं की नाही! पण उस्तादांनीच शिकवलंय, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. तेव्हा ती शिस्तीत रडताहेत, बघा तिकडे. वेल्डिंगच्या दुकानात काम करणारी ती मुलगी, भरतीची परीक्षा तोंडावर आलीय तिची, ती काल दारात येऊन विचारून गेली, 'काकू, उस्ताद आमच्यावर रागावलेत का हो?' हे आत बसून ऐकत होते. बाहेर यायला काय धाड भरली होती? तर म्हणे, 'चार्ज दिलाय मी.' कपाळावर हात मारून घेतला मी!

आणि घरी पुन्हा तीच खुर्ची, तेच बूट. मी हे एकदा निभावलंय. दुसऱ्यांदा मला जमणार नाही, सगळ्यांसमोर सांगते.

म्हणून अध्यक्ष महोदय, सरळ विचारते. तुम्हाला हे नको आहेत का? नुसती मान हलवू नका, माइकवर या.

ऐकलंत सगळ्यांनी? 'छे छे, आम्हाला हवेच आहेत.' मग महिनाभर मूग गिळून का बसला होतात?

नाही, थांबा साहेब, हुकूम देऊ नका. हुकमानं ते उद्या हजर होतील, आणि परवा चहा पिताना कुणी काही बोललं की पुन्हा घरी येऊन बसतील. जन्मभर ह्या माणसाला कुठे जायचं ते दुसऱ्यांनीच सांगितलं. वडील म्हणाले, फौजेत गेले. फौज म्हणाली, परत आले. त्यांना काय वाटतं, हे विचारलं कुणी? आज मी विचारते. अहो, तुम्हाला काय हवंय?

बघा, उभे राहिले. बसून बोला की! अध्यक्षांकडे काय बघताय, ते नाही सांगणार. इकडे माझ्याकडे बघा.

शांत राहा रे मुलांनो, जरा वेळ द्या त्यांना.

मागच्यांना ऐकू गेलं नसेल, मी सांगते. ते म्हणाले, 'मला मैदानावर यायचंय.'

एवढा संसार झाला आमचा, 'मला हे हवंय' असं ह्यांच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं.

बोलू दिलंत, फार बरं झालं. सगळ्यांची मी ऋणी आहे. लांबून आलेल्या पाहुण्यांना उगाच आमच्या घरातलं ऐकावं लागलं, अध्यक्षांनाही मी टाकून बोलले, ते मोठ्या मनानं पोटात घाला. आणि टाळ्या पुरे आता, त्यांना कुणीतरी खाली बसायला सांगा. माझं ऐकत नाहीत ते.