डाव्या कानामागची जट

...अहो, हलू नका. मान खाली. आणखी खाली. मशीन? मशीन मी लावत नाही, आत आलात तेव्हाच सांगितलं. बाहेरच्या पाटीवर काय लिहिलंय ते सोडा, पाटी जुनी आहे. मशीनच पाहिजे तर पलीकडच्या गल्लीत जा, काचेचा दरवाजा आहे बघा, आत गाणी लावलेली असतात — तो लावतो मशीन. दहा मिनिटांत डोकं साफ. त्याला काय पडलीय, त्याच्या लेखी केस म्हणजे गवत. हां, बसा. बसलात ना? मग बसा. वास? मला वास येतोय का म्हणून विचारता? अहो, तुम्ही दारात होतात तेव्हाच मला कळलं. ओला टॉवेल पिशवीत बांधून चार दिवस विसरला की येतो ना, तो. तुम्हाला नाही यायचा, तुम्ही त्याच्यासोबत झोपता. किती वर्षं म्हणालात? पाच. पाच वर्षांत एकदा तरी पुरत्या वाळल्या का या जटा? नाही वाळत. वरून वाळतात, हात लावला की वाटतं झालं, आणि आत ओल तशीच, आज धुतलेल्या केसांतली ओल पुढच्या आठवड्याला सापडते. वर मेण. मेण लावलंत ना? बोटाला चिकटतंय माझ्या. मेणावर धूळ, धुळीवर सुगंधी तेल, तेलावर परत धूळ — शी! बत्तीस वर्षं लोकांची डोकी हातात घेतोय, उवा बघितल्या, खरूज बघितली, एकाच्या डोक्यात च्युइंगम वाळून दगड झाला होता तोही काढला. पण जटेइतकी शिसारी मला कशाचीच येत नाही. येते ती येते, लपवून काय करू?

धरा. ही बघा, अर्धी उकलली. धरा हो हातात, तुमचीच आहे! का, घाण वाटली? आत्ता वाटली? पाच वर्षं खांद्यावर मिरवलीत तेव्हा नाही वाटली? बघा आत काय काय आहे ते — ही पांघरुणाची लोकर, निळी. हा कोंडा. ही कसली तरी बी, की किडा आहे, जाऊ दे, बघू नका. आणि त्या बादलीतल्या झुबक्यांकडे बघून घाबरू नका. सगळे घाबरतात, त्यांना वाटतं टक्कल पडलं. टक्कल नाही, हे तुमचे मेलेले केस. माणसाचे रोज पन्नास-शंभर केस गळतात की नाही? आमच्यासारख्यांचे कंगव्यात जातात, मोरीत जातात, झाडून निघतात. जटेतला केस जाईल कुठे? तो तिथंच राहतो. मुळापासून सुटलेला, मेलेला, बाकीच्यांना धरून. पाच वर्षांत गळलेला एकेक केस तुम्ही डोक्यावर वागवलाय. तेलाची बाटली द्या जरा इकडे. हां.

सुरुवातीला मजा वाटली असेल, नाही? तसंच असतं. पहिले तीन महिने डोकं म्हणजे फाटकी उशी, कापूस चहूकडून बाहेर. खाज इतकी की झोप नाही, आणि खाजवायचं नाही, खाजवलं की गाठ सुटते. मग मित्र बसणार क्रोशाची सुई घेऊन, सुटलेले केस आत ओढणार, डोळ्यांतून पाणी. वर्षभरानं जरा रूप येतं. रस्त्यानं चाललं की लोक वळून बघतात, पोरी हात लावू का विचारतात — विचारलं ना? बघा, हसलात! मग तिसरं वर्ष. दोन जटा मुळाशी एकमेकींत शिरतात, त्या फाडाव्या लागतात, फाडताना आवाज येतो, कापड फाटल्यासारखा. मान दुखते. ओल्या झाल्या की दोन-तीन किलो वजन. आणि लोक वळून बघतात ते आता शेजारची खुर्ची बदलण्यासाठी. मला कसं माहीत? माझ्या घरातच होतं. माझा मुलगा. सहा वर्षं ठेवल्या होत्या त्यानं. नाही, सांगण्यासारखं काही नाही त्यात. मान खाली.

एकोणिसाव्या वर्षी सुरू केलं त्यानं. सलूनवाल्याचा मुलगा! सगळा रस्ता हसायचा. गिऱ्हाईक खुर्चीत बसून आरशातून विचारणार — काय हो, घरचं डोकं राहिलं वाटतं? मी त्याला साफ सांगितलं, दुकानाची पायरी चढायची नाही. आणि नाही चढला तो, हट्टी, माझ्यावर गेलाय. जटा कोणी करून दिल्या माहीत आहे? त्याच्या आईनं. माझ्या बायकोनं! क्रोशाची सुई घेऊन. तिच्या हातात कला आहे, टेबलावरचे रुमाल म्हणू नका, मोजे म्हणू नका. संध्याकाळी स्वयंपाकघरात तो खाली बसायचा, ही स्टुलावर, त्याचं डोकं हिच्या गुडघ्यांमध्ये, आणि चालायची सुई टुकटुक, दोघांच्या गप्पा, हसणं. मी आलो की गप्प. मी जेवायला बसायचो तो भिंतीकडे तोंड करून. सहा वर्षं. भिंतीवर एक ओलीचा डाग आहे, तो मला पाठ आहे. एकदा ताटात केस निघाला तर मी ताटच उचलून मोरीत ओतलं. नंतर बघितलं तर केस माझ्याच सदऱ्यावरचा, गिऱ्हाइकाचा. पण बोललो नाही. कशाला बोलायचं? घाण ती घाण.

दुखतंय? दुखणारच, इथं मुळाशी गाठ आहे. श्वास घ्या. मग चौथ्या वर्षी ही आजारी पडली. बायको हो, दुसरं कोण. आजाराचं नाव नको. आता बरी आहे. पण त्या औषधांनी केस गेले, तसे एक-दोन नाहीत, झुबकेच्या झुबके. सकाळी उशीवर असे पडलेले असायचे, अर्धे काळे, अर्धे पांढरे. मोरीच्या जाळीत. पाण्याच्या तांब्याला चिकटलेले. आता तुम्हाला सांगतो — का सांगतोय कोण जाणे — मी आख्ख्या गावाच्या डोक्याला हात लावणारा माणूस, आणि मला ते केस हातानं उचलवेनात. कागद घ्यायचो. वर्तमानपत्राचा तुकडा करून, त्यात चिमटीनं धरून, तोंड फिरवून टाकून यायचो. सव्वीस वर्षं तिचे केस मीच कापत होतो, सुट्टीच्या दिवशी, इथं, या खुर्चीत, शटर अर्धं ओढून. तुम्ही बसलाय ना, तिथंच. तिला कळत नसेल? डोळे मिटून पडलेली असायची, पण कागदाचा आवाज होतोच ना. एकदा म्हणाली, "राहू द्या हो, तो उचलेल." तो म्हणजे मुलगा. मला बरंच वाटलं. मी दुकानात यायला लागलो लवकर.

मग ती उठली, हिंडूफिरू लागली, केसही आले, वेगळेच, पातळ, कुरळे. आणि याला नोकरी लागायची होती. मोठी कचेरी, मुलाखत दोन दिवसांवर. एके दिवशी सकाळी बघतो तर दुकानाच्या दारात उभा! सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, "बाबा, येऊ का?" मला वाटलं मी जिंकलो. खरं सांगतो, तेवढंच वाटलं. बसवला, कापड गुंडाळलं. तो म्हणाला, "बाबा, कापू नका. सावकाश उकलून द्या. कानामागची डावीकडची मात्र तशीच राहू द्या, तिचं मी नंतर सांगतो." मी हो म्हणालो. तोंडानं हो म्हणालो. आणि पहिली जट हातात घेतली तसा तो वास आला — हाच, ओला, बुरसट — आणि सहा वर्षांचं सगळं वर आलं माझ्या, ताट, भिंत, रस्त्यावरचं हसणं. दोन दिवस या घाणीत बोटं घालू? मी? म्हटलं याला अद्दल घडू दे. ड्रॉवर उघडला, कात्री घेतली आणि पहिली कुठली कापली असेल? डावीकडचीच. कानामागची. मुळाशी. एका कचक्यात. लगेच मागून मशीन फिरवलं, अर्धं डोकं पांढरं. कापल्या जागी आत पांढरं-पांढरं दिसलं, तर मी चिमट्यात धरून त्याच्या तोंडासमोर नाचवली — बघ, म्हटलं, बुरशी! बुरशी लागलीय तुझ्या डोक्याला!

तो आरशातून बघत होता. माझ्याकडे नाही, चिमट्याकडे. म्हणाला, "आईचे केस आहेत ते. तिनंच विणलेत."

उशीवरचे वेचून ठेवले होते त्यानं. आणि हिनं, डोक्यावर एक केस नसताना, पडल्या पडल्या सुईनं आपले केस त्याच्यात विणले होते. दोघांनी मिळून. मी दुकानात होतो. इतक्या वर्षांचा कारागीर मी, डोळे बांधून हातात केस द्या, माणसाचं वय सांगतो — आणि बायकोचा केस मला बुरशी वाटला. तो उठला, कापड काढलं, घडी करून खुर्चीवर ठेवलं. घडी केली बघा! टोपी घातली, अर्ध्या डोक्यावर, आणि गेला. नोकरी लागली त्याला. लांब असतो. आईला फोन करतो.

नाही, थांबा, खरी चूक ती नव्हेच. ऐका. तुम्हाला घाई आहे, मला दिसतंय, तरी ऐका. जट होती ना माझ्याकडे, चिमट्यात तशीच. मी म्हटलं, चुकलं तर चुकलं, आपल्या हातात कला आहे, निस्तरू. शटर ओढलं. तीच जट साबणात भिजवली, तेलात भिजवली, आणि टोकदार शेपटीचा कंगवा घेऊन बसलो. दोन दिवस. मुलासाठी जे करवलं नाही ते केलं. एकेक केस सोडवला. मुलाचे जाड एकीकडे, हिचे बारीक दुसरीकडे, तिच्यातला काळा केसही मी बोटांनी ओळखून बाजूला काढला, एकही चुकला नाही. धुतले, वाळवले, सरळ केले, दोऱ्यानं बांधून दोन जुड्या केल्या, इतक्या सुंदर की बघत राहावं. पाकिटात घालून घरी नेल्या. तिच्या हातात दिल्या आणि काय म्हणालो माहीत आहे? "हे घे, तुझे तुझे वेगळे करून आणलेत. स्वच्छ."

तिनं दोन्ही जुड्या बघितल्या. मग म्हणाली, "वेगळे कशाला केलेत?" एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. पाकीट कपाटात ठेवलं, भाजी कापायला बसली. पुढच्या सुट्टीला मी शटर अर्धं ओढून वाट बघितली. त्याच्या पुढच्यालाही. चार वर्षं झाली. या खुर्चीत बसली नाही ती. माझ्या हाताकडे बघते, जेवताना, मी पोळी मोडतो ना, तेव्हा — मी तिच्या केसांकडे ज्या तोंडानं बघायचो ना, त्या तोंडानं बघते. आणि मी भिंतीकडे वळून बसत नाही हो आता, समोर बसतो. वळून ती बसते.

म्हणून मशीन नाही. कळलं? घाण मला अजून वाटते, तुमच्या या डोक्याची आत्ताही वाटतेय, हात घरी जाऊन तीनदा धुईन. पण उकलूनच काढीन, आणि आधी विचारीन. तुम्हालाही विचारतो — यात कोणाचं काही आहे का? कोणी विणलंय? ही इथली, तांबूस दिसतेय, ही तुमच्या रंगाची नाही. कोणाची आहे? सांगू नका, मला नको सांगू, नुसतं ठेवू की काढू तेवढं बोल. बोला. काय? काय म्हणालात? काहीही असो, उडवून टाका? गाडी चुकेल?

...पुन्हा एकदा विचारतो. ही तांबूस पण?

उठा. नाही, पैसे नकोत, दीड जटेचे कसले पैसे. कापड मी काढतो, तुम्ही हात लावू नका. बाहेर पडलात की डावीकडे, मग पलीकडची गल्ली, काचेचा दरवाजा. दहा मिनिटांत करून देईल. मघाशी बोललो ते मनावर घेऊ नका, हात चांगला आहे त्याचा. हलका आहे. माझी बायको त्याच्याकडेच जाते.