मी कमल झाले नाही

आमचे वडील कोलकात्याहून गोंदियात आले, कवळ्या बनवायचे, चिनी माणूस, आडनाव ल्यू. आणि काय सांगू तुम्हाला पोरांनो, आमच्याकडे आडनाव आधी, नाव नंतर, आणि लग्न झालं तरी बाई माहेरचंच आडनाव लावते, माझी आई शेवटपर्यंत चेनच होती. घरातलं नाव आईवडील ठेवायचे, बाहेरचं मात्र ज्याचं त्यानं निवडायचं. शाळेत घालताना वडिलांनी विचारलं, काय लिहू? मी म्हटलं, निर्मला.

तुमचे आजोबा आमगावचे, घरी धानाची शेती. दात दाखवायला तीनदा आले, एकही किडलेला नव्हता, मग वडील काय ते समजले. लग्न झालं. सासरी रीत अशी, की ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहायचं. आजोबांनी लिहिलं, कमल. मला वाटत होतं, माझं नाव बदलायचं नाही हे त्यांनी घरी सांगितलं असेल. त्यांनी सांगितलंच नव्हतं. मी तिथंच म्हटलं, माझं नाव निर्मला ल्यू, तेच राहील. सासूबाई म्हणाल्या, असं कसं वो, आमच्या घरात आली ना तू? मी म्हटलं, आले, नावासकट आले.

मग त्या कमल म्हणून हाक मारायच्या आणि मी ओ द्यायची नाही. स्वैपाक, धुणं, सगळं करायची, पण ओ नाही. आजोबा दोघींच्या मधे सापडून नुसतं अवो म्हणायचे. रोवण्याच्या दिवसांत, धान लावणाऱ्या बाया अंगणात चहाला बसलेल्या, सासूबाई गोठ्यातून येता येता दारातूनच ओरडल्या, कमल, दूध उतू जाऊन राहिलं वो! मी चुलीपाशीच होते. जीव तुटत होता दुधासाठी, पण हलले नाही. एक बाई हसून म्हणाली, मामी, तुमची कमल कुठं गेली जी? सासूबाई आत आल्या. बहिरी आहेस का वो? नाही, आई. मंग काऊन नाही उतरवलं? मी म्हटलं, तुम्ही कमलला सांगितलं होतं.

रिकामं झालेलं भांडं त्यांनी स्वतःच उतरवलं. मग अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, निर्मला, आता बिनदुधाचा चहा तूच नेऊन दे त्यायले.

मी नेला. तेव्हापासून घरात, बँकेत, सातबाऱ्यावर, सगळीकडे निर्मला ल्यू.

आता गौरी, तिकडे टोरांटोत तुझं लग्न ठरलंय आणि नाव कोणतं लावू, असं मला विचारतेस. मला नको विचारू. त्याचं लाव, आपलं लाव, नवीनच घे, पण त्याच्या घरी तू स्वतः जाऊन सांग, आणि लग्नाआधी सांग. ते काम मी आजोबांवर सोडलं होतं, तेवढं तू करू नकोस. सुखी राहा.