कढई उलथली त्या दिवशी

माहेर माझं वडगावच्या पल्याड, डोंगराच्या पायथ्याला. भावंडं आमी दोघंच, मी थोरली नि पाठचा किसना. आई लवकर गेली, म्हणून त्याला मीच कडेवर वागवला. लगीन होऊन मी वलवणला आले तवा पदराला धरून लय रडलता त्यो. हितं धरणाच्या रस्त्याला आमची भज्यांची गाडी हाय, मी नि सासू बघतो, मालक कंपनीत जात्यात. आन सासू म्हंजी काय सांगू तुमाला, माझ्या माहेराचं नाव काढलं की तोंड फिरवायची, तुज्या माहेरची मानसं नुस्ती घ्यायला येत्यात म्हणायची, रोज, रोज.

तर किसनानं कर्ज काढून टुरिस्टची गाडी घेतली. धंदा बसला, हप्ते थकले, आन ह्यो फोन बंद करून गेला निघून, कुटं ते बापालाबी सांगितलं न्हाई. मग वसुलीवाले आमच्या मागं. सही त्याची नि गचांडी आमची. आदी फोन, सकाळी डोळं उघडल्यापास्नं, आयाबहिनींवरनं घान घान बोलायचं. मग ते बापाच्या दारात गेले आन म्हाताऱ्याची गचांडी धरून देवळाम्होरं आनला नि कानाखाली मारली, सगळ्या गावानं बघितलं, कोन मधी पडलं न्हाई. बाप फोनवर मला येवडंच म्हणला, पोरी, मी आता देवळाकडं जात न्हाई, लोकं बघत्यात.

आयतवार व्हता, धुकं व्हतं, गिऱ्हाईक लय. वसुलीवाले दोगं आले. एक बाजूला उभा ऱ्हायला नि दुसरा, जाडा, गिऱ्हाइकांना सांगाय लागला, हिच्या हातचं खाऊ नका, हिचा भाऊ चोर हाय. मी म्हणले, दादा, किसना कुटं हाय मला खरंच ठावं न्हाई, धंद्याच्या जागी नगा. तर त्यो म्हणला, भाऊ घावस्तवर तू हाईस की. आन त्यानं माझ्या मंगळसूत्राला हात घातला. मी ढकलला त्याला, व्हय, मीच आदी ढकलला, खोटं कशाला बोलू. त्यानं शेगडीला लाथ घातली आन उकळत्या तेलाची कढई उलथली, सगळी माझ्या डाव्या हातावर. काचंच्या बांगड्या कातड्याला चिकटल्या, मागनं दवाखान्यात त्या काढल्या तवा कातडंबी आलं. आपलंच मास जळल्याचा वास म्या घेतलाय बघा.

सासू मागं बसून बत्त्यानं मिरच्या ठेचत व्हती. ती उठली आन त्योच लोखंडी बत्ता तिनं त्या जाड्याच्या गुडघ्यावर हानला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. त्यो खाली पडला तरी ती परत हानत व्हती. दुसरा पुढं आला तवा ती त्याला म्हणली, ही माझी सून हाय, आता तू ये. त्यो पळाला.

पोलिसांनी आदी सासूलाच बसवून घेतलं, कारन पाय तिनं मोडलेला. पन गिऱ्हाइकातल्या एका बाईनं सगळं मोबाइलवर घेतलं व्हतं, ती सोताहून ठान्यात आली, म्हणून आमची तक्रार तरी लिवली. केस दोनी बाजूंनी चालू हाय. वडगावच्या कोर्टात तारीख आसली की त्यो जाडा लंगडत येतो, सासू त्याच्याकडं बघतबी न्हाई.

किसना आला, माझा हात पट्टीत असताना. दारात उभा ऱ्हाऊन रडाय लागला. सासू उठली, त्याच्या दोन मुस्काटात दिल्या, वठातनं रगात आलं त्याच्या, नि मग म्हणली, हात धू, जेवायला बस. त्यो रडत रडत जेवला. आता दुसऱ्याची गाडी चालवतो, हप्ते फेडतो. बाप अजून देवळाकडं जात न्हाई.

माझी डावी बोटं मिटत न्हाईत. राखीला आलता किसना, उजव्या हातानं नि दातानं गाठ मारली. सुखी ऱ्हा म्हणले, मनापासनं म्हणले, पन भज्यांच्या गाडीपाशी थांबू नगंस म्हणले, तुज्या मागं परत कोन आलं तर नगं, सरळ आपल्या घरला जा. काय हाय की, वळख नसल्याला मानूस अजून जरा जास्त येळ गाडीपाशी थांबला की म्हातारी मिरच्या सोडती आन माझ्या म्होरं येऊन उभी ऱ्हाती.