मास्तरांची शेवटची विद्यार्थिनी

नाही, पण मला एक सांगा, मोटारीला कुणी ‘शाब्बास’ म्हणतं का? घोड्याला म्हणतात, कुत्र्याला म्हणतात, गणिताचे सर चुकून एकदा मलासुद्धा म्हणाले होते… पण मोटारीला? आमचे बाबा म्हणतात! नुसतं म्हणत नाहीत, वर स्टिअरिंगला थोपटतात! शेजारच्या गाडीतले लोक काचेतून टकामका बघतात, आणि मी आपली मागच्या सीटवर गप्प.

तुम्हाला सांगते, बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. एवढीशी खोली, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि दारात छोटी पांढरी गाडी, शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो ना, तसली. अर्ध्या शहराला बाबांनी शिकवलं. ओरडून शिकवलं! “अहो काकू, आरसा केस नीट करायला नाही दिलेला!” “क्लच सोडा म्हटलं मी, स्टिअरिंग नव्हे!” लोक रडायचे, पण शिकायचे. मग आपल्या आपण चालणाऱ्या गाड्या आल्या आणि शिकायला येणारे कमी झाले… कमी कसले, संपलेच. का येतील हो? लिफ्टमध्ये चढायला कुणी क्लास लावतं का? खोली गेली, पांढरी गाडी गेली, तक्ता तेवढा घरी आला आणि कपाटामागे तोंड लपवून उभा राहिला.

आणि मग त्याच गाड्यांच्या कंपनीने बाबांना कामावर बोलावलं! काम काय? तर बसायचं! गाडी स्वतःची स्वतः चालणार, बाबांनी ड्रायव्हरच्या जागेवर हात मांडीवर ठेवून बसायचं, ती चुकली तरच ब्रेक दाबायचा, आणि काय चुकलं ते मोठ्याने सांगायचं. ती ऐकते म्हणे, आणि शिकते. सुट्टीच्या दिवशी प्रवासी म्हणून घरचं कुणीतरी मागे बसलेलं चालायचं. आईला गाडी लागते, म्हणून मी.

तर पहिल्याच फेरीला बाबा सुरू! “अगं ए, कुठे आग लागली आहे का? त्या सायकलच्या हँडलला पिशव्या बघ किती, तो डोलणार! लांब राहा!” गाडीला, बरं का! “थांबलेल्या बसच्या पुढून माणूस येतोच येतो. दिसत नाही म्हणतेस? अगं, बसच्या खालून बघ, पाय दिसतात!” कंपनीतल्या मॅडम हे सगळं ऐकायच्या. मला वाटलं, आता बाबांना हाकलणार. तर त्या खूश! “मास्तर,” म्हणाल्या, “या गाड्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत. तुम्ही हिला जे सांगता, ते उद्यापर्यंत आमच्या सगळ्या गाड्यांना येतं.”

त्या दिवशी बाबा जेवताना कितीतरी दिवसांनी हसले. “ऐकलंस का? एकीला सांगितलं की सगळ्या शिकतात! आणि मी मेला एकेकाला गिअर समजावून घसा बसवून घेतला!” आई वाढता वाढता थांबली. म्हणाली, “अहो, पण सगळ्या शिकल्या की मग तुम्ही कशाला?”

बाबांनी घास तोंडात घातला आणि तो कितीतरी वेळ चावत बसले. 

आणि गाडी खरंच शिकली हो! आज एक चूक कमी, उद्या आणखी एक कमी… घरात आजारी माणसाचा ताप विचारावा तशी आई रोज दारातच विचारायची, “आज चुकली का?” बाबा चपला काढत म्हणायचे, “नाही.” एकदा आई म्हणाली, “एखादी काढा ना शोधून! माझ्या स्वयंपाकात बरी रोज सापडते!” बाबा म्हणाले, “त्यात असते.” झालं! त्या रात्री भांडी जरा जास्तच जोरात घासली गेली.

मग मॅडमनी बाबांना बोलावून घेतलं. त्या वाईट नव्हत्या हो, वाईट असत्या तर बरं झालं असतं, आम्हाला शिव्या तरी देता आल्या असत्या! “मास्तर,” म्हणाल्या, “माणूस न बसवता गाड्या सोडायच्या म्हणतोय आम्ही. तुम्हाला धोका वाटत असेल तर तसं सांगा. वर्षभर थांबू. तुमच्या शब्दावर आहे.” वर्षभर! म्हणजे वर्षभर पगार! सकाळी आईने बाबांच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि अगदी हळू म्हणाली, “एकच शब्द बोलायचा आहे. ‘थांबा.’ एवढं बोला.”

शेवटची फेरी होती. मी मागे बसून देवाला सांगत होते, चुकू दे. कुणाला लागायला नको, पण एक बारीकशी तरी चूक… निदान एखाद्या कुंडीला धक्का! आता असं कुणी देवाकडे मागतं का? तेवढ्यात पुढे एक बस थांबलेली. माणूस कुणी नाही, काही नाही. बाबांचा पाय ब्रेककडे गेला… आणि गाडी आधीच थांबली होती! मग बसच्या पुढून एक रंगारी आला, खांद्यावर शिडी, हातात डबा, आमच्याकडे न बघताच रस्ता ओलांडून गेला. गाडीने बसच्या खालून त्याचे पाय पाहिले होते.

बाबांचा पाय तसाच हवेत. मग त्यांनी तो हळूच खाली ठेवला आणि म्हणाले, “शाब्बास.” मला तेव्हाच कळलं. अगदी ओठांवर आलं होतं, बाबा, थांबा म्हणा, थांबा म्हणा… पण मी मागच्या सीटवर गप्प.

परत आल्यावर मॅडमनी विचारलं, “मग मास्तर?”

बाबा म्हणाले, “सोडा.”

एकच शब्द बोलले. आईने सांगितलेला नव्हे.

माणूस न बसवता गाड्या सुटल्या त्या दिवशी बाबांनी कंपनीच्या फाटकावर ओळखपत्र परत दिलं, मी सोबत होते. घर लांब, म्हणून गाडी मागवली, तर त्याच कंपनीची आली, पुढे कुणीही नसलेली! बाबा माझ्या शेजारी मागे बसले. त्यांना हात कुठे ठेवावेत तेच कळेना. शेवटी शाळेतलं पोर दप्तर घेतं तशी माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले. वाटेत एक आजोबा काठी टेकत रस्त्यात मध्येच थांबले, तर गाडीही थांबली. हॉर्न नाही, घाई नाही. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

घर आलं. पडद्यावर प्रश्न आला, प्रवास कसा झाला, पाचपैकी किती तारे? बाबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. मी हळूच म्हटलं, “बाबा, चार द्या. एक तरी कापा ना.”

बाबांनी पाचवर बोट टेकवलं आणि म्हणाले, “अगं, पेपर तपासताना घरची अडचण बघायची नसते.”